घाटात चालणाऱ्या गाडीला ‘मोठा’ कॅम घालावा का? नव्याने विचार करणाऱ्यांसाठी

माझ्याकडे मारुती जिप्सी आहे, १२९८ सीसीची, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली, इंजेक्शनची). गाव देवगडच्या बाजूला. आंब्याच्या दिवसांत नांदगाव, फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी करत कोल्हापूर, ही फेरी ठरलेली. काही वर्षांपूर्वी मी तिचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, बदलून मोठा घातला, दोन सीझन वापरला आणि पुन्हा कंपनीचा बसवला. त्या दोन वर्षांत जे कळलं ते आधी कोणी समोर बसवून सांगितलं असतं, तर माझा एक आख्खा पावसाळा आणि बरेच पैसे वाचले असते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

घाईत असाल तर उत्तर आधीच देतो. कॅम बदलल्याने ताकद वाढते, पण ती वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), आणि त्यासाठी खालच्या आरपीएमची ताकद खर्ची पडते. बाकी सगळं कंपनीचं ठेवून फक्त कॅम बदलला तर वरचा फायदाही थोडकाच. कोकणातल्या गाडीचं बहुतेक आयुष्य खालच्या आरपीएमवर जातं, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

१. आधी आठवडाभर आरपीएम बघा

पाना हातात घ्यायच्या आधीचं काम हे. तुमची गाडी रोज किती आरपीएमवर चालते? अंदाज नको, बघून लिहा. मीटर नसेल तर बाहेरचा बसवून घ्या. ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं) असलेल्या गाडीत साधं ब्लूटूथ ॲडाप्टर आणि मोबाइल पुरतो.

मी हे काम कॅम घालून झाल्यावर केलं, तिथेच चुकलो. चार माणसं आणि मागे आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडाघाट चढताना माझी गाडी बहुतेक वेळ २००० ते ३२०० मध्ये असते. वळण आलं की १८००. हायवेला, म्हणजे एनएच ६६ वर, ३००० च्या आसपास. ५००० च्या वर गेल्याचं त्या आठवड्यात एकदाच दिसलं, तेही एका ट्रकला ओव्हरटेक करताना. आणि मी पैसे घातले होते ते नेमके ५००० च्या वरच्या ताकदीसाठी.

२. कॅम नेमकं करतो काय, हे समजून घ्या

क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) दोन फेरे फिरला की कॅमचा एक फेरा होतो. त्याच्यावरचे उंचवटे, म्हणजे लोब, वॉल (सिलिंडरच्या झडपा, व्हॉल्व्ह) दाबतात. वॉल किती उघडतो ती लिफ्ट, आणि क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते ड्युरेशन.

६००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो. ड्युरेशन २४० अंश असेल तर इनटेक वॉल जेमतेम ६.७ मिलिसेकंद उघडा असतो. तेवढ्यात सिलिंडर पुरता भरत नाही, म्हणून वरच्या आरपीएमला इंजिनाचा दम संपतो. मोठा कॅम वॉल जास्त वेळ उघडा ठेवतो. पिस्टन वर यायला लागला तरी वॉल मिटलेला नसतो, पण आत शिरणाऱ्या हवेला इतका वेग असतो की ती येतच राहते. सिलिंडर जास्त भरतो आणि ताकद वाढते.

आता हेच २००० आरपीएमला बघा. हवेला वेग नाही. वॉल उघडा आहे आणि पिस्टन वर येतोय. मग आत आलेलं मिश्रण पुन्हा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळीत, ढकललं जातं. सिलिंडर अर्धवट भरतो आणि ओढ कमी होते. मोठ्या कॅममध्ये ओव्हरलॅपही जास्त असतो, म्हणजे एक्झॉस्ट वॉल पूर्ण मिटायच्या आत इनटेक उघडलेला असतो. त्यामुळे स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, जळालेला धूर नव्या मिश्रणात मिसळतो आणि इंजिन हलत, धडधडत चालतं. तो आवाज ऐकायला भारी वाटतो. तो ताकदीचा आवाज नव्हे, स्लोला नीट न जळण्याचा आवाज आहे.

हिशेब आकड्यांत मांडतो. जिप्सीचा कंपनीने दिलेला टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४५०० आरपीएमला १०३ न्यूटन-मीटर, ताकद ६००० ला सुमारे ८० बीएचपी. टॉर्कला आरपीएमने गुणून ७१२१ ने भागलं की बीएचपी निघते. ६००० ला ८० बीएचपी याचा अर्थ तिथे टॉर्क ९५ वर आलेला आहे. समजा मोठ्या कॅमने तोच टॉर्क ६५०० ला १०० टिकवला, तर ९१ बीएचपी. कागदावर झकास. पण त्याच कॅमने २५०० ला १०० चा टॉर्क ८५ वर आणला, तर तिथली ताकद ३५ वरून ३० बीएचपी होते. घाटात तुम्ही त्या ३० वर चालणार आहात.

३. तुमचं इंजिन कोणतं?

डिझेल टर्बो असेल तर कॅमचा विचार सोडून द्या. तिथे ताकद ठरते बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आणि डिझेलच्या मात्रेवर. पेट्रोल टर्बोलाही कंपनीचा कॅम ठीक असतो, ओव्हरलॅप वाढवला तर उलट त्रास. नव्या पेट्रोल गाड्यांत व्हीव्हीटी असतं, म्हणजे कॅमचं टायमिंग चालता-चालता आरपीएमप्रमाणे बदलतं. खाली एक, वर दुसरं, हे काम कंपनीनेच करून दिलेलं आहे. होंडाचं व्हीटेक तर एका लोबवरून दुसऱ्या, मोठ्या लोबवर उडी मारतं. १९८९ मध्ये आलेल्या त्यांच्या १.६ लिटरच्या व्हीटेक इंजिनाने १६० हॉर्सपॉवर दिली ती त्याच जोरावर.

राहिल्या त्या जुन्या, साध्या पेट्रोल गाड्या: जिप्सी, झेन, एस्टीम, जुनी बलेनो. पुढचं सगळं यांच्यासाठी आहे.

४. नवा कॅम नंतर, आधी जुना तपासा

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा. मी तो गाळला होता.

‘गाडीला पिकअप नाही’ म्हणून कॅमकडे वळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना अपग्रेड नको असतो, त्यांची गाडी मूळच्या ताकदीवर यायला हवी असते. क्रमाने हे बघा:

- एअर फिल्टर. आमच्याकडे लाल मातीचा रस्ता आणि उन्हाळा असला की तो मॅन्युअलमधल्या मुदतीच्या कितीतरी आधी गच्च होतो.
- प्लग, प्लगच्या वायरी, फ्युएल फिल्टर.
- टॅपेट, म्हणजे रॉकर (लोब आणि वॉलमधला दांडा) आणि वॉलमधली फट. इंजिन गार असताना फिलर गेजने, मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणे. हाताच्या अंदाजाने नव्हे.
- टायमिंग बेल्ट एखादा दात पुढेमागे बसलाय का. मार्क जुळवून बघायला अर्धा तास लागतो.
- कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय का. गाडी वर जाताना गुदमरल्यासारखी करत असेल तर आधी इथे बघा.
- क्लच सरकतोय का, ब्रेक धरून राहतायत का.
- कॉम्प्रेशन. या जुन्या पेट्रोल गाड्यांत साधारण १२ ते १४ किलो यायला हवं आणि दोन सिलिंडरांत १ किलोपेक्षा जास्त फरक नको.

एवढं करून झालं की टॅपेट कव्हर काढा आणि लोब मायक्रोमीटरने मोजा. लोबचं टोक ते पाठ हे एक माप, आडवं दुसरं माप. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उंचवट्याची उंची मिळते. सगळे इनटेक लोब एकमेकांशी जुळले पाहिजेत, सगळे एक्झॉस्ट एकमेकांशी.

माझा जुना कॅम मी शेवटी मोजला तेव्हा एक इनटेक लोब बाकीच्यांपेक्षा ०.४ मिलिमीटरने बुटका निघाला. टोकावर बोट फिरवलं तर गुळगुळीत लागायला हवं होतं, तिथे बारीक खड्डे लागले. गाडी त्याआधी सलग दोन पावसाळे शेडमध्ये उभी होती. जूनपासून इथल्या हवेत ओल आणि मीठ दोन्ही असतं. उभ्या गाडीत लोबवरचं ऑइल हळूहळू निथळतं आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला गंज धरतो. पुढे इंजिन सुरू झालं की तो गंज रॉकरला खातो आणि रॉकर लोबला. माझ्या गाडीचा गेलेला पिकअप तिथे होता. ज्या दिवशी मी कंपनीचाच नवा कॅम आणि रॉकर घातले, त्या दिवशी घाटात तिसरा गिअर पुन्हा चालायला लागला.

५. तरीही मोठाच कॅम हवा असेल तर कोणता घ्यायचा

ऑटोक्रॉस (मैदानावर आखलेल्या वळणांची शर्यत), रॅली, ट्रॅक यासाठी गाडी करत असाल तर कॅम जरूर बदला. तिथे इंजिन सतत वरच राहतं.

कंपनीच्या साध्या कॅमचं ड्युरेशन ढोबळमानाने २२० ते २५० अंशांत असतं. रोजच्या वापराला सोसेल असा ‘फास्ट रोड’ कॅम २६० ते २७० चा. २८० च्या पुढचे रॅलीचे, २९० च्या पुढचे रेसचे. रोजच्या गाडीत २७० च्या पुढे जाऊ नका.

इथे दोन फसगती होतात. पहिली, ड्युरेशनचं माप. एक विकणारा वॉल हलायला लागल्यापासून मोजतो, दुसरा १ मिलिमीटर उघडल्यापासून. एकाच कॅमचे दोन आकडे तीस-चाळीस अंशांनी वेगळे येऊ शकतात. ‘कुठल्या लिफ्टला मोजलंय?’ हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी फसगत घासून आणलेल्या कॅमची. जुनाच कॅम ग्राइंड करून लोबचा आकार बदलून देतात. पद्धत चांगली आहे, स्वस्तही पडते. पण लोब उंच दिसावा म्हणून पाठ घासावी लागते, त्यामुळे कॅम आणि रॉकरमधलं अंतर वाढतं. स्क्रूचे टॅपेट असतील तर ते जुळवता येतं. बकेट आणि शिमवालं (लोबखाली वाटी आणि चकती असलेलं) इंजिन असेल तर जाड शिम मिळतायत का ते आधी बघा. आणि घासताना वरचा कडक थर निघून गेला तर तो लोब काही हजार किलोमीटरांत झिजतो. घासून झाल्यावर कडकपणा तपासला का, हे विचारा. गुळमुळीत उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा.

इंजिनाच्या मशीनिंगसाठी आमच्याकडचे लोक कोल्हापूरला जातात, फाउंड्री आणि लेथचं काम तिथे मुरलेलं आहे. कॅमच्या ग्राइंडिंगचा जाणता माणूस मात्र रेसिंगच्या गावांत शोधावा लागतो. कारी मोटर स्पीडवे ज्या कोईमतूरला आहे, तिथे अशी माणसं सापडतात.

६. काय काय जमवायचं

हत्यारं: टॉर्क पाना, फिलर गेज, मॅग्नेटच्या स्टँडसह डायल गेज, डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती), मायक्रोमीटर, कॉम्प्रेशन गेज, व्हॅक्यूम गेज.

सामान: नवा टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, कॅमचं ऑइल सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, नवे रॉकर, लिफ्ट वाढत असेल तर त्याला शोभतील अशा वॉल स्प्रिंग, ॲडजस्ट होणारी कॅम पुली, असेंब्ली लुब्रिकंट, ऑइल दोनदा बदलण्याइतकं. शिवाय मुलांची खेळायची चिकणमाती. तिचं काम पुढे येईल.

कागद: तुमच्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल, आणि कॅमसोबत येणारं कॅम कार्ड. त्यावर वॉल किती अंशाला उघडतो-मिटतो ते छापलेलं असतं. कार्ड नसलेला कॅम घेऊ नका. जुन्या रॉकरवर नवा कॅम कधीच चालवू नका, दोघांनी एकमेकांशीच जमवून घ्यायचं असतं.

७. बसवताना

बॅटरीची वायर काढा. इंजिन टीडीसीवर (पहिला पिस्टन अगदी वर) आणा, मार्कांचे मोबाइलवर फोटो काढा. कॅमच्या कॅपा असतील तर त्यांचे नंबर आणि दिशा लिहून ठेवा, आणि बोल्ट सगळीकडून थोडे-थोडे सोडा. एका टोकाचे आधी काढले तर स्प्रिंगच्या जोराने कॅम वाकतो, तुटतोही.

नवा कॅम बसवला, डिग्री व्हील लावून कार्डाप्रमाणे जुळवला, की पिस्टन आणि वॉलमधलं अंतर तपासणं आलं. लिफ्ट आणि ड्युरेशन वाढलं की वॉल पिस्टनच्या जवळ जातो. हेड काढून पिस्टनवर मातीची चपटी गोळी ठेवा, हेड बसवून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, पुन्हा उघडा आणि माती मध्ये कापून तिची सगळ्यात पातळ जागा मोजा. इनटेकला निदान २ मिलिमीटर, एक्झॉस्टला निदान २.५ मिलिमीटर राहिले पाहिजेत. ‘हेड कशाला काढायचं, बसतो तो’ असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. वॉल पिस्टनला लागला तर एका क्षणात इंजिन जातं.

स्प्रिंगचंही बघा. पूर्ण लिफ्टला तिचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, आणि वरचा रिटेनर वॉल सीलवर आपटता कामा नये.

आणि पहिल्यांदा स्टार्टर मारू नका. क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन चालतं त्याच दिशेने, सावकाश फिरवा. कुठे अडलं तर जोर करू नका, थांबा आणि कारण शोधा.

८. पहिली वीस मिनिटं

रॉकर लोबवर घासून चालणारा कॅम असेल तर त्याचं आयुष्य या वीस मिनिटांत ठरतं. लोबवर लुब्रिकंट भरपूर लावलेलं असू द्या, इंजिनात झिंक असलेलं ऑइल. इंजिन सुरू झालं की स्लोला सोडू नका, २००० ते २५०० मध्ये वरखाली करत वीस मिनिटं चालवा, कारण लोबवर ऑइल उडतं ते फिरण्यानेच. ऑइलचा दिवा आणि टेंपरेचरवर डोळा ठेवा. मग बंद करा, ऑइल आणि फिल्टर बदला, गार झाल्यावर टॅपेट पुन्हा बघा. रोलर रॉकरला एवढं लागत नाही.

९. ट्यूनिंग आणि ब्रेक

मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवरून हवा किती आली याचा अंदाज घेतो. मोठ्या कॅमने स्लोचा व्हॅक्यूम पडतो. ईसीयूला वाटतं की गाडीवर लोड आला, आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं, पीयूसीत सीओ वाढतो. म्हणजे कॅमच्या जोडीला ईसीयूचं काम आलं, आणि त्यासाठी डायनो (ताकद मोजायचं यंत्र) असलेल्या ठिकाणी गाडी न्यावी लागते. हा खर्च कॅमपेक्षा मोठा असतो आणि सुरुवातीला कोणी तो सांगत नाही.

ब्रेकचं मात्र नीट ऐका. ब्रेक बूस्टर (ब्रेकचं पेडल हलकं करणारा) त्याच व्हॅक्यूमवर चालतो. आमच्या समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनाचा स्लोला व्हॅक्यूम १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) येतो. माझा १२ वर आला होता. दाजीपूरहून खाली उतरत होतो, पुढे ट्रकांची रांग, थांबत-सरकत चाललो होतो, क्लच दाबलेला. तिसऱ्या-चौथ्यांदा ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं कडक. दोन्ही पायांनी दाबून आणि हँडब्रेक ओढून गाडी पुढच्या ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. बायको शेजारी होती, मुलगा मागे. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरताना व्हॅक्यूम मिळतो, पण क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये थोड्या-थोड्या वेळाने ब्रेक मारत राहिलात तर साठा संपतो. कॅम बदलणार असाल तर व्हॅक्यूम गेज लावून बघा, आणि कमी येत असेल तर वेगळा व्हॅक्यूम पंप बसवल्याशिवाय घाटात जाऊ नका.

परत आल्यावर माझ्या मेस्त्रींनी गाडी ऐकली आणि एवढंच विचारलं, “माका सांग, तू गाडी खंय चलवतलंस? घाटातच ना? मगे खालचो जोर कित्याक घालवलंस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात कॅम उतरवला.

१०. कायदा, पीयूसी, विमा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. कॅमचा उल्लेख आरसीवर नसतो, पण म्हणून तो मोकळा सुटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए प्रमाणे परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. धुराचे नियम पाळणं तर कोणालाच चुकत नाही. बीएस ४ पेट्रोल गाडीला स्लोला सीओची मर्यादा ०.३ टक्के, हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. मोठ्या ओव्हरलॅपचा कॅम यात बसवणं फार कठीण.

पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. एमएच ०७ असो की एमएच ०८, त्या दिवशी गाडी मूळच्या रूपात असलेली बरी. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. लपवलात तर अपघातानंतर दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं.

काढलेला कोणताही कॅम, जुना असो वा नवा, उघडा ठेवू नका. आमच्याकडे एका पावसाळ्यात तो वाया जातो. जाड ऑइल किंवा ग्रीस लावा, तेलकट कागदात गुंडाळा, वरून प्लॅस्टिक, आणि माळ्यावर कोरड्या जागी ठेवा. माझा मोठा कॅम तसाच ठेवलाय. कोल्हापूरचा एक मित्र आपली जिप्सी ऑटोक्रॉससाठी तयार करतोय, पावसाळा संपला की कॅम आणि कॅम कार्ड दोन्ही त्याच्याकडे जातील.